वर्षभर विश्वास कमावला, एका दिवसात तिजोरी साफ केली! गेमिंग ग्रुपमधली चोरी होते कशी आणि थांबवायची कशी?

एप्रिल २००५ मधली गोष्ट. 'ईव्ह ऑनलाईन' हा अंतराळात घडणारा गेम. त्यात खेळाडू एकत्र येऊन 'कॉर्पोरेशन' काढतात. इतर गेममध्ये क्लॅन किंवा गिल्ड असतो, तसाच हा प्रकार. 'युबिक्वा सेराफ' ही त्यातली एक मालदार कॉर्पोरेशन होती. एके दिवशी दबा धरून तिच्या प्रमुखाचं अत्यंत दुर्मीळ जहाज उडवण्यात आलं आणि त्याच सुमारास तिची गोदामंही रिकामी झाली. अंदाजे ३० अब्ज 'आयएसके', म्हणजे गेममधलं चलन, बुडालं. खऱ्या पैशांत त्याची किंमत तेव्हा साधारण साडेसोळा हजार डॉलर धरली गेली.

हे करणारे लोक बाहेरून चालून आले नव्हते. 'गाईडिंग हँड सोशल क्लब' नावाच्या भाडोत्री टोळीला या कामाची १ अब्ज आयएसकेची सुपारी मिळाली होती. टोळीतली माणसं बरेच महिने आधी साधे सदस्य म्हणून आत शिरली. त्यांनी कामं केली, बढत्या मिळवल्या. प्रमुखाचा उजवा हात समजला जाणारा सहकारीसुद्धा त्यांचाच माणूस निघाला.

आता कोणी म्हणेल, गेममधलीच तर चोरी, त्यात एवढं काय? पण त्या गोदामांत शेकडो तासांची मेहनत असते. बऱ्याचदा खिशातून घातलेले पैसेही असतात. आणि सगळ्यात मोठं नुकसान म्हणजे असा ग्रुप नंतर टिकत नाही. जो तो एकमेकांकडे संशयाने बघायला लागतो आणि दोन-चार वर्षांची मैत्री आठवड्याभरात तुटते.

गेमची कंपनी चोराला पकडत नाही का?

हे गेमवर अवलंबून असतं. ईव्ह ऑनलाईन २००३ साली सुरू झाला आणि तो आइसलँडची 'सीसीपी' ही कंपनी चालवते. गेमच्या आत फसवणं, हेरगिरी करणं, विश्वासघात करणं याला तिथे मनाई नाही. तो खेळाचाच भाग मानला जातो.

२००९ साली याच गेममध्ये खेळाडूंनी चालवलेल्या 'ईबँक' या बँकेच्या प्रमुखानेच सुमारे २०० अब्ज आयएसके लांबवले आणि ते खऱ्या पैशांत विकले. सीसीपीने त्याला गेममधून काढलं, पण ते चोरीबद्दल नाही. गेममधलं चलन खऱ्या पैशांत विकलं, हा नियमभंग होता. ठेवीदारांनी मात्र ज्याच्यावर भरवसा ठेवला, त्यानेच त्यांना बुडवलं.

थोडक्यात, कंपनी धावून येईल या आशेवर राहण्यात अर्थ नाही. आपली तिजोरी आपणच सांभाळायची.

चोर नेमका काय करतो?

पद्धत जवळपास ठरलेली असते.

पहिली पायरी म्हणजे प्रवेश. नवा सदस्य गोड बोलतो, नियम पाळतो, कोणी मदत मागितली की सगळ्यात आधी हजर होतो.

दुसरी पायरी म्हणजे कंटाळवाणी कामं अंगावर घेणं. सामानाचा हिशेब, नव्यांना आत घेणं, सर्व्हरची देखभाल अशी कामं कोणालाच नको असतात. लीडरही दमलेला असतो. "मी बघतो ना" म्हणणारा कोणी भेटला की त्याला बरं वाटतं. पण ही कामं करायची तर अधिकार लागतात आणि ते आपसूक हातात येतात.

तिसरी पायरी म्हणजे वाट पाहणं. लीडर परीक्षेत, प्रवासात किंवा लग्नकार्यात अडकला की मग हात मारायचा.

इथेच बहुतेक ग्रुप फसतात. त्यांचा सगळा जोर दारावर असतो. मुलाखत घेतात, जुना रेकॉर्ड बघतात आणि एकदा माणूस आत आला की निर्धास्त होतात. पण मुरलेला चोर नवा असताना चोरी करतच नाही. तो 'आपला' झाल्यावर करतो.

ईव्हमधलंच आणखी एक उदाहरण. फेब्रुवारी २००९ मध्ये 'बँड ऑफ ब्रदर्स' ही त्या काळातली बलाढ्य आघाडी तिच्याच एका डायरेक्टरने मोडीत काढली. तो 'गूनस्वार्म' या शत्रूला जाऊन मिळाला. जाण्याआधी हाती लागेल तेवढा माल आणि पैसा उचलला आणि आघाडीच बरखास्त करून टाकली. वर्षानुवर्षांच्या लढाईत शत्रूला जे जमलं नव्हतं, ते एका माणसाच्या अधिकारांनी करून दाखवलं.

म्हणून खरा प्रश्न "हा माणूस चांगला आहे का?" हा नाही. "हा माणूस उद्या उलटला, तर एका दिवसात किती नुकसान करू शकेल?" हा प्रश्न विचारायला हवा.

बचत गटाला जे कळतं, ते क्लॅनला का कळू नये?

गावोगावच्या बचत गटांच्या बँक खात्यातून पैसे काढताना एकटीची सही सहसा चालत नाही. अध्यक्ष आणि सचिव एकमेकींना चोर समजतात, असा त्याचा अर्थ होत नाही. उलट या पद्धतीमुळेच कोणावर संशय घ्यायची वेळ येत नाही. गेमिंग ग्रुपलाही हेच लागू पडतं.

१. दाराशी चौकशी करा, पण तिच्यावर विसंबू नका. ईव्हमध्ये प्रत्येक पात्र आधी कोणत्या कॉर्पोरेशनमध्ये होतं, हे सगळ्यांना दिसतं. इतर गेममध्ये जुन्या ग्रुपच्या लीडरला विचारता येतं. मात्र एकच माणूस नवं खातं काढून कोरी पाटी घेऊन येऊ शकतो, हे लक्षात ठेवा.

२. बघण्याचा आणि काढण्याचा अधिकार वेगळा ठेवा. ईव्हमध्ये कॉर्पोरेशनच्या गोदामाचे सात कप्पे करता येतात आणि कोणाला कुठल्या कप्प्यातलं फक्त दिसेल, कोणाला उचलता येईल, हे ठरवता येतं. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये २००७ साली गिल्ड बँक आली. तिथे हुद्द्यानुसार रोज किती वस्तू काढता येतील याची मर्यादा घालता येते. नव्याला एक छोटा कप्पा मोकळा ठेवा. त्यातून काही गेलंच, तर ती रक्कम पचेल एवढीच असावी.

३. पद आणि किल्ली यांची गल्लत करू नका. कोणी मनापासून काम केलं की बक्षीस म्हणून पद दिलं जातं. 'क्लॅश ऑफ क्लॅन्स'मध्ये को-लीडर हा सदस्यांना आणि एल्डरना क्लॅनमधून काढू शकतो. कौतुक म्हणून वाटलेलं हे पद एका रात्रीत अख्खा क्लॅन रिकामा करू शकतं. डिस्कॉर्डवर 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'ची परवानगी दिली, की चॅनेलवर घातलेले बाकीचे निर्बंध त्या माणसाला लागू होत नाहीत. कौतुक करायचं असेल तर रंगीत नावाचा रोल द्या, किल्ली देऊ नका.

४. नोंदवही वाचा. गिल्ड बँकेत कोणी काय काढलं याची नोंद असते. डिस्कॉर्डच्या ऑडिट लॉगमध्ये ४५ दिवसांच्या नोंदी राहतात. माइनक्राफ्टचा सर्व्हर चालवणारे 'कोअरप्रोटेक्ट'सारखं प्लगइन टाकतात, म्हणजे कोणी पेटीतून काय उचललं ते कळतं आणि मोडतोड पूर्ववतही करता येते. आठवड्यातून एकदा दोघांनी मिळून नोंदी पाहाव्यात.

५. सगळं एकाच ठिकाणी ठेवू नका. रोजच्या वापराचा साठा वेगळा आणि राखीव साठा वेगळा. राखीव साठ्याच्या चाव्या दोन-तीन जुन्या सदस्यांकडे वाटून द्या.

६. खातं कधीच कोणाला देऊ नका. पासवर्ड, ओटीपी, "पाच मिनिटं लॉगिन दे, रँक वाढवून देतो" हे सगळं नको. डिस्कॉर्डवर एक डाव फार चालतो. ओळखीच्या नावावरून मेसेज येतो, "मी गेम बनवलाय, जरा खेळून बघशील का?" ती फाईल उघडली की खातंच चोराच्या ताब्यात जातं. टू-फॅक्टर सुरू ठेवा आणि अनोळखी फाईल उघडू नका. मेसेज मित्राच्या नावाने आला असेल, तरी आधी फोन करून खात्री करा.

चोरी झालीच तर?

सगळ्यात आधी त्या खात्याचे अधिकार काढा आणि बाकीच्यांचेही तात्पुरते गोठवा. आत त्याचे आणखी साथीदार असू शकतात. मग नोंदींचे स्क्रीनशॉट घ्या आणि गेमच्या सपोर्टकडे तक्रार करा. सगळ्या सदस्यांना काय झालं ते स्पष्ट सांगा. लपवलं की अफवा पसरतात.

रागाच्या भरात धमक्या मात्र देऊ नका. सप्टेंबर २०१७ मध्ये ईव्हमधल्या 'सर्कल ऑफ टू' या आघाडीला तिच्याच राजनैतिक प्रतिनिधीने दगा दिला आणि तिचा प्रचंड तळ शत्रूच्या हाती गेला. संतापलेल्या प्रमुखाने चॅटमध्ये त्या खेळाडूला खऱ्या आयुष्यात इजा करण्याची भाषा केली. निकाल काय लागला? प्रमुखावरच कायमची बंदी आली. विश्वासघात गेमच्या नियमात बसत होता, धमकी बसत नव्हती.

खरे पैसे गेले असतील, म्हणजे यूपीआयवरून पैसे घेऊन कोणी पळालं असेल किंवा तुमच्या खात्यातून खरेदी झाली असेल, तर भारतात १९३० या सायबर हेल्पलाईनवर लगेच फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

मग नव्यांना घ्यायचंच नाही का?

जरूर घ्यायचं. नवे आले नाहीत तर कुठलाही क्लॅन वर्षभरात ओस पडतो. ज्या ईव्हमध्ये एवढे दगे झाले, तिथेच 'ईव्ह युनिव्हर्सिटी' हा ग्रुप २००४ पासून नव्या खेळाडूंना आत घेऊन शिकवतोय.

चाव्या नीट वाटलेल्या असल्या, की नव्या पोराची उलटतपासणी घ्यावी लागत नाही. त्याला पहिल्याच दिवशी टीममध्ये घेता येतं, चुकला तर हसता येतं. आज रात्री मॅच सुरू करण्याआधी तुमच्या ग्रुपच्या सेटिंगमध्ये एकदा डोकावा आणि मोजा, सगळं रिकामं करू शकतील असे किती जण आहेत. तीनपेक्षा जास्त नावं निघाली, तर आधी ती यादी छोटी करा.