फलनप्रधान आणि वस्तुप्रधान आज्ञावली : विरोध नेमका कोठे?

संगणकाची आज्ञावली रचण्याच्या दोन पद्धती परस्परविरोधी मानण्याचा प्रघात आहे. फलनप्रधान पद्धतीचा उगम जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये आरंभिलेल्या लिस्प भाषेत, तर वस्तुप्रधान पद्धतीचा उगम नॉर्वेतील डाल व न्यूगोर्ड यांच्या सिम्यूला ६७ या भाषेत सापडतो. पहिलीत आज्ञावली म्हणजे दिलेल्या मूल्यांपासून नवी मूल्ये काढणारी फलने होत. दुसरीत माहिती व तिच्यावरील क्रिया एकाच वस्तूत बांधलेल्या असतात.

हा भेद एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. वर्तुळ व चौरस या आकृती आणि क्षेत्रफळ व परिमिती काढण्याच्या क्रिया घेऊ. वस्तुप्रधान रचनेत प्रत्येक आकृती आपल्या क्रिया स्वतःजवळ बाळगते. त्यामुळे त्रिकोणाची भर घालणे सोपे जाते. परंतु नवी क्रिया हवी असल्यास प्रत्येक आकृतीत फेरफार करावा लागतो. फलनप्रधान रचनेत याच्या उलट घडते. नवी क्रिया म्हणजे केवळ एक नवे फलन. मात्र नवी आकृती आली की जुनी सर्व फलने दुरुस्त करावी लागतात. फिलिप वॉडलर यांनी १९९८ मध्ये या अडचणीस ‘अभिव्यक्तीची समस्या’ असे नाव दिले. हा तत्त्वाचा विरोध नव्हे. ही सोयीगैरसोयींची अदलाबदल होय.

खरा विरोध वस्तूच्या पालटत्या अवस्थेतून उद्भवतो. खात्यात ५०० रुपये शिल्लक असता दोन क्रियांनी ती एकाच वेळी वाचली आणि प्रत्येकीने ४०० रुपये देऊन १०० रुपये शिल्लक नोंदवली, तर ८०० रुपये बाहेर जातात व खात्यात ४०० रुपयांचीच घट दिसते. फलनप्रधान पद्धती जुने मूल्य न पुसता नवे मूल्य निर्माण करते. अर्थात चालू शिल्लक कोणती, हे कोठेतरी ठरवावेच लागते. परंतु तो निर्णय एकाच मर्यादित ठिकाणी घेता येतो.

वस्तूची अवस्था अपरिवर्तनीय ठेवली, तर वस्तू व फलन यांचे वैर उरत नाही. लोझान येथे मार्टिन ओडरस्की यांनी रचलेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्काला भाषेत प्रत्येक मूल्य ही वस्तू आहे, आणि फलन हेही मूल्यच आहे. वस्तुप्रधान जावा भाषेनेही २०१४ च्या आठव्या आवृत्तीत निनावी फलनांचा स्वीकार केला.

सारांश, सहअस्तित्व शक्य आहे. मात्र बदलाची जागा कोणती, हे रचनाकाराने आरंभीच निश्चित केले पाहिजे. ते न केल्यास दोन्ही पद्धतींचे दोष तेवढे एकत्र येतात.