‘गाशा गुंडाळणे’ आणि आपल्या घरची उर्दू

घरी उर्दू बोलणारी मुले मराठीच्या तासाला गप्प बसतात, हा आम्हा शिक्षकांचा नेहमीचा अनुभव. ‘सर, आमचं मराठी कच्चं आहे,’ हे वाक्य तर ठरलेलेच. अशा मुलांना आम्ही सांगतो, बेटा, मराठीतल्या कितीतरी शब्दांची किल्ली तुझ्या घरातच आहे. पटत नसेल तर रोजच्या बोलण्यातले हे पाच शब्द बघा.

शाबास : मूळ फारसी ‘शाद बाश’. शाद म्हणजे आनंदी, बाश म्हणजे राहा. म्हणजे पाठीवर थाप देऊन म्हटलेले ‘शाबास’ ही नुसती स्तुती नाही, ती दुआ आहे.

गाशा गुंडाळणे : धंदा चालला नाही, दुकानदाराने गाशा गुंडाळला, असे आपण सहज म्हणतो. पण गाशा म्हणजे काय? घोड्याच्या खोगिरावर घालायचे कापड. मुक्काम हलवताना सामान आवरणारा स्वार डोळ्यांसमोर आणा, अर्थ आपोआप कळतो. मूळ अरबी शब्द ‘गाशिया’, म्हणजे झाकून टाकणारी वस्तू. कुरआन शरीफच्या ८८ व्या सूरहचे नाव ‘अल-गाशिया’ आहे. तिथे तो शब्द सर्वांना व्यापून टाकणाऱ्या कयामतसाठी आला आहे. सूरह पाठ असलेल्या मुलाला हा वाक्प्रचार समजावून सांगायला किती वेळ लागेल?

हकनाक : ‘दंगलीत हकनाक जीव गेले’ असे वर्तमानपत्रात वाचतो. हा शब्द ‘हक-नाहक’चा झिजलेला रूप आहे. हक म्हणजे न्याय्य, खरे. नाहक म्हणजे त्याच्या उलट. म्हणून हकनाक म्हणजे काही कारण नसताना, अन्यायाने. उर्दूत आपण नुसते ‘नाहक’ म्हणतो, मराठीत जोडी टिकली.

तोबा गर्दी : ‘तौबा’चा मूळ अर्थ परत फिरणे. वाईट सोडून अल्लाहकडे परत येणे ती तौबा. चूक झाली की कान पकडून ‘तोबा तोबा’ म्हणायचे, तिथून शब्द बाजारात आला. गर्दी अशी की बघणाऱ्याने तोबा म्हणावे! पण खऱ्या तौबात केलेल्याचा पस्तावा लागतो, पुन्हा न करण्याचा इरादा लागतो, आणि कुणाचा हक मारला असेल तर तो परत करावा लागतो. नुसते कान पकडून भागत नाही.

इमानेइतबारे : ‘तीस वर्षे इमानेइतबारे नोकरी केली’ हे निवृत्तीच्या कार्यक्रमात हमखास ऐकू येते. ईमान म्हणजे श्रद्धा, सचोटी. एतबार म्हणजे विश्वास, भरवसा. माणूस आतून सच्चा आणि लोकांना त्याचा भरवसा, दोन्ही असेल तरच हा शब्द शोभतो.

हे शब्द मराठीत आले कसे? बहमनी राज्य १३४७ मध्ये सुरू झाले, पुढे निजामशाही, आदिलशाही आली. दरबारची भाषा फारसी, पण हिशेब लिहिणारे आणि फौजेत लढणारे अनेक जण मराठी बोलणारे. कामाबरोबर शब्द घरी गेले. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश तयार झाला, त्यात कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. तरीही लोकांच्या तोंडचे शब्द राहिलेच. फारसीचे प्राध्यापक असलेले कवी माधव ज्यूलियन यांनी १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश प्रसिद्ध केला. मराठीवर फारसीचा किती ठसा आहे, हे तो चाळला की दिसते.

आज कोणी म्हणते हे शब्द ‘त्यांचे’, कोणी म्हणते ‘आमचे’. शेतात, बाजारात, शाळेत ते दोघांच्याही तोंडी आहेत. पालकांना एवढीच विनंती, आज रात्री जेवताना मुलांना असे आणखी पाच शब्द शोधायला सांगा. सापडले की पाठ थोपटून म्हणा, शाबास! आणि आता त्याचा अर्थही सांगा.