चाकूचा जीव पाठीत

स्विस आर्मी चाकूची पाती सगळे मोजतात. मुठीच्या पाठीवर दिसणाऱ्या पोलादी पट्ट्यांकडे फारसं कुणी बघत नाही. त्या स्प्रिंगा. या चाकूची खरी कारागिरी तिथे आहे, असं माझं ठाम मत आहे.

कार्ल एल्सनरने १८८४ साली श्विझ प्रांतातल्या इबाख गावी चाकू-सुऱ्यांचा कारखाना काढला. पुढे स्विस सैन्यात १८८९ची श्मिट-रुबिन रायफल आली. ती खोलायला स्क्रूड्रायव्हर आणि शिध्याचा डबा फोडायला काहीतरी हवं, म्हणून १८९०चा सैनिकी चाकू ठरला : एक पातं, एक टोचा, ओपनर, स्क्रूड्रायव्हर आणि गडद लाकडाची मूठ. एवढा माल काढणारा कारखाना देशात नसल्यामुळे पहिली खेप जर्मनीतल्या झोलिंगेनहून आली. एल्सनरने इतर कारागिरांना सोबत घेऊन १८९१मध्ये स्विस माल पुरवला. जर्मन मालाच्या भावापुढे बाकीचे पांगले, तो मात्र कर्जात बुडूनही टिकून राहिला.

सैनिकी चाकू जड होता. एल्सनरने हलका चाकू बेतला आणि १२ जून १८९७ रोजी त्याची नोंदणी केली. त्यात सहा अवजारं, पण स्प्रिंगा दोनच! पोटाकडची पाती आणि पाठीकडचे टोचा-कॉर्कस्क्रू त्याच स्प्रिंगांवर पेलले होते. सैन्याने हा चाकू अधिकृतपणे घेतला नाही. अधिकारी पदरचे पैसे घालून घेत राहिले.

एल्सनरच्या कारखान्याचं आजचं नाव व्हिक्टोरिनॉक्स. आज ही कंपनी पात्याचं पोलाद रॉकवेल मापावर ५६पर्यंत कडक करते. करवत आणि कात्री ५३, टोचा ५२, आणि स्प्रिंग ४९. पात्याला धार धरायची असते, म्हणून ते कडक. स्प्रिंगला दर उघडझापीला वाकून परत यायचं असतं. तिला पात्याइतकं कडक केलं तर ती तडकेल. बोटभर वस्तूत पोलादाचे इतके वेगवेगळे स्वभाव सांभाळलेले पाहिले की मन भरून येतं.

संग्राहकाने सुरुवात १९६१च्या ॲल्युमिनियम मुठीच्या सैनिकी चाकूपासून करावी. पात्याच्या बुडाशी सालाचे आकडे ठोकलेले असतात. आपल्या जन्मसालाचा चाकू शोधणारे पुष्कळ आहेत. जुना चाकू घेताना पातं जवळजवळ मिटत आणून सोडावं. ते खटकन बसलं तर स्प्रिंग शाबूत. वारंवार घासून पातं झिजलं असेल, तर वरची चकाकी कितीही असो, तो घेऊ नये. १९०८पासून सैन्याची मागणी वेंगर ही दुसरी स्विस कंपनी आणि एल्सनरचा कारखाना यांत वाटली गेली. ओपनर चालवून पाहिला की घराणं कळतं : व्हिक्टोरिनॉक्सचा पुढे कापत जातो, वेंगरचा मागे. २००५मध्ये व्हिक्टोरिनॉक्सने वेंगर विकत घेतली, तेव्हा हा फरक ओळखता येणं संग्राहकाला फार उपयोगाचं.

आणि चाकू वापरावा. कपाटात ठेवलेल्या चाकूपेक्षा आंबा कापलेला चाकू मला प्रिय. फक्त आंब्याचा रस सांध्यात वाळू देऊ नये. कोमट पाण्यात धरून पाती पाच-सहा वेळा उघडमीट करावी, नीट कोरडी करावी, आणि स्प्रिंग जिथे पात्याच्या बुडाला टेकते, नेमका तिथे तेलाचा एक थेंब सोडावा.