नंबरप्लेटवरची डिक्शनरी

नळ स्टॉपच्या सिग्नलला गाडी थांबली की आमचा खेळ सुरू होतो. पुढच्या गाडीच्या नंबरप्लेटवरची दोन अक्षरं वाचायची आणि ती त्याच क्रमाने येतील असा लांबात लांब इंग्रजी शब्द सांगायचा. मध्ये कितीही अक्षरं घुसली तरी चालतात. भाची सातवीत आहे आणि तिची नजर घारीची. आय आणि ओ ही अक्षरं एक आणि शून्यासारखी दिसतात म्हणून प्लेटवर सहसा नसतात. बाकी सगळी कधी ना कधी समोर येतात.

'एमएच'पासूनच सुरुवात करा. एमला एच चिकटून येतो असा शब्द कोणता? मुळशी-पानशेतच्या वाटेवर पाट्यापाट्यांवर लिहिलेला आहे: फार्महाऊस!

परवा 'पीएन' आली. भाची क्षणात म्हणाली, "न्यूमोनिया!" उत्तम. पण त्याच घराण्यातला थोरला भाऊ म्हणजे ऑक्सफर्डच्या डिक्शनरीतला सर्वांत लांब शब्द. एका दमात वाचा: न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस. इंग्रजी अक्षरं ४५! ज्वालामुखीची अतिसूक्ष्म धूळ श्वासावाटे जाऊन होणारा फुप्फुसाचा विकार, असा त्याचा अर्थ. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल पझलर्स लीगचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी तो मुद्दाम लांबलचक घडवला. आता त्याची पहिली चार अक्षरं बघा: पी, एन, ई, यू. जरा जागा बदला. पी, यू, एन, ई. पुणे! इंग्रजीतल्या सर्वांत लांब शब्दाच्या दारातच आपलं गाव उभं आहे, आणि तेही पोटात ज्वालामुखी असलेल्या शब्दाच्या. लाव्हाच्या काळ्या पाषाणावर वसलेल्या शहराला हे शोभूनच दिसतं.

हाच शब्द देवनागरीत मोजा. आपल्या हिशेबाने, जोडाक्षर एक धरून. न्यू, मो, नो, अ, ल्ट्रा... बोटं मोडत शेवटच्या 'स'पर्यंत आलात की भरतात २२. निम्म्याहून कमी! सुरुवातीचा मुका 'पी' तर वाटेतच गळतो. मला या मोजणीचा फार आनंद होतो, म्हणून आणखी दोन सांगते. रांगेला इंग्रजीत 'क्यू' म्हणतात. स्पेलिंगमध्ये पाच अक्षरं, मराठीत एक. 'स्ट्रेंग्थ्स'मध्ये नऊ अक्षरं आणि स्वर एकुलता एक. मराठीत 'स्ट्रें' आणि 'ग्थ्स', संपलं. आपलं जोडाक्षर म्हणजे घडीचं अंथरूण आहे, केवढं सामान त्यात मावतं!

आणि हा घ्या २९ अक्षरांचा: फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन. एखादी गोष्ट कवडीमोल ठरवणे, एवढाच अर्थ. इंग्रजीत 'ई' हे सर्वांत जास्त वापरलं जाणारं अक्षर, पण या अख्ख्या शब्दात ते एकदाही नाही. 'आय' मात्र नऊ वेळा! मराठीत लिहिलं की मधला तुकडा बघा: सि-नि-हि-लि-पि-लि-फि. सलग सात वेलांट्या. बालवाडीतलं पोर बाराखडी घोकतंय असं वाटतं.

पुण्याची चार अक्षरं आणखी कुठे लपली आहेत? 'स्टुपेंडस'च्या पोटात शेजारी शेजारी, फक्त उलटसुलट. 'पेनल्टिमेट' म्हणजे शेवटून दुसरा, त्याच्या तोंडाशी. क्रम न बदलता हवी असतील तर 'एक्सपंज' घ्या, किंवा 'ऑपॉर्च्यून'. आणि मध्ये नुसता एक 'आर' सरकवला तर होतो 'प्रून', सुक्या मेव्याच्या दुकानातला. साहेबाच्या काळातलं 'पूना' स्पेलिंगसुद्धा सलग सापडतं: 'पूनॅक'. अर्थ? खोबऱ्याची पेंड!

स्पेलिंगशी आपली झटापट जुनीच. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं २००० मध्ये. त्याआधी मराठी शाळेत एबीसीडी पाचवीत भेटायची. मग पाठांतराला युक्त्या. 'नॉलेज' लिहायचं तर मनात 'कनोवलेडगे' म्हणायचं. 'असॅसिनेशन'मध्ये दोन गाढवं, मग मी, मग राष्ट्र. 'लेफ्टनंट'मध्ये खोटं, तू, दहा मुंग्या. ही स्पेलिंगं जन्मभर विसरत नाहीत. डिक्शनरी घ्यायला जायचं ते अप्पा बळवंत चौकात. पेशवाईतल्या अप्पा बळवंत मेहेंदळ्यांच्या नावाचा हा पुस्तकांचा चौक पुणेकरांच्या तोंडी कधीच 'एबीसी' झाला. पुस्तकांच्या चौकाला याहून नेमकं नाव ठरवूनही सापडलं नसतं.

अकरावी-बारावी कॉमर्सची मुलं एक नवल रोज वहीवर लिहितात: 'बुककीपिंग'. दोन ओ, दोन के, दोन ई, लागोपाठ तीन जोड्या. आणि टायपिंग क्लासला गेलेल्यांनी बोटं हलवून बघावं. ए-एस-डी-एफचा पहिला धडा आठवतो? 'स्टुअर्डेसेस' ही बारा अक्षरं निव्वळ डाव्या हाताने होतात, 'लॉलीपॉप' निव्वळ उजव्याने. 'टाइपरायटर' हा शब्द तर स्वतःच्या एकट्या वरच्या ओळीत बसतो. मी गावांची नावं लावून पाहिली. सातारा, फक्त डावा हात! दिवे घाट चढून सासवडला जा, तेही डाव्याच हातात. लोणी मात्र उजवीकडे. कोल्हापूरकडचं कागल अख्खं मधल्या ओळीत. ताटात पुरी आणि रोटी वरच्या ओळीत, डाळ मधल्या.

'क्यू' अक्षर प्लेटवर आलं की भाची कपाळाला आठ्या घालते, कारण त्याच्यामागे 'यू' येणार हे ठरलेलंच. पण अपवाद आपल्या ओळखीचे आहेत. 'कव्वाली' इंग्रजी डिक्शनरीत यूशिवाय बसली आहे. 'कनात'ही तशीच, कनात म्हणजे जमिनीखालून पाणी खेळवणारी नहर. मलिक अंबरने औरंगाबादेत बांधलेली नहर-ए-अंबरी ही याच जातीची.

मराठीतून इंग्रजीत गेलेला प्राणी माहीत आहे? मुंगूस! त्याचं 'मंगूज' झालं. स्पेलिंगच्या शेपटात 'गूज', म्हणजे हंस, दिसतो, पण एकाचे अनेक करताना 'गीज' करायचं नाही. मंगूजेस. हंसाशी त्याचं नातंच नाही, आपल्या मुंगसाशी आहे.

शब्द मोजण्याचा नाद आमच्या पुण्यात भव्य प्रमाणावर चालू आहे. डेक्कन कॉलेजमध्ये १९४८ मध्ये डॉ. सु. मं. कत्रे यांनी संस्कृत महाकोशाचं काम सुरू केलं. सुमारे दीड हजार ग्रंथांतून काढलेल्या जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या तिथे कप्प्यांत नीट लावून ठेवल्या आहेत. पस्तीसच्या आसपास खंड छापून झाले आणि अजून 'अ' चालू आहे! त्या खोल्यांविषयी मला अपार आदर आहे.

काल कर्वे रस्त्यावर पुढच्या रिक्षामागे अक्षरं आली 'एक्सक्यू'. साठ सेकंदांचा सिग्नल. भाची ओठ हलवत बसली. एक्स्चेकर मला सुचला होता, पण मी गप्प राहिले. सात, सहा, पाच... हिरवा लागला, मागून हॉर्न सुरू झाले, आणि ती सीटवरून उसळून ओरडली, "एक्सक्विझिट! मध्ये एकही अक्षर नाही, मावशी!"