कोटेशनपेक्षा बिल जास्त आले तर?

अंदाजपत्रकाच्या तासाला आपण प्लास्टरचे क्षेत्रफळ अचूक काढतो. घरची दुरुस्ती निघाली की मात्र मोजमाप बाजूला राहते आणि घरमालक व मिस्त्री एकमेकांना लबाड ठरवतात. या पाठात आपण वाढलेले बिल तपासायची पद्धत पाहू.

उदाहरण : जबलपूरला तिलवारा घाटाजवळ एक जुने घर आहे असे समजा. मिस्त्रीने 600 चौरस फूट प्लास्टरसाठी चौरस फुटाला 50 रुपये दर लिहून दिला, म्हणजे 30,000 रुपये. काम संपल्यावर बिल आले 46,500 रुपयांचे. या 16,500 रुपयांच्या वाढीचे तीन भाग पडतात.

1) परिमाणातील वाढ : प्रत्यक्षात प्लास्टर 700 चौरस फूट भरले. जादा 100 चौरस फुटांचे जुन्या दराने 5,000 रुपये होतात. करार दरावर असेल तर ही रक्कम देणे लागते. मात्र ‘सर्व काम मिळून 30,000’ असे ठोक रकमेत ठरले असेल, तर कमी मोजल्याचा तोटा मिस्त्रीचा.

2) दरातील वाढ : ‘सिमेंट महागले’ म्हणून दर 55 रुपये लावला. 700 चौरस फुटांवर याचे 3,500 रुपये होतात. दरवाढीची अट करारात नसेल, तर ही रक्कम मागता येत नाही. अलोपी प्रसाद विरुद्ध भारत सरकार (1960) या खटल्यात सैन्याला तूप पुरवण्याच्या व्यवहारात युद्धामुळे खर्च वाढल्याचे कारण पुढे केले होते. केवळ खर्च वाढला म्हणून ठरलेला दर मोडता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले.

3) नवीन काम : जुने प्लास्टर काढल्यावर स्लॅबच्या सळया गंजलेल्या दिसल्या. त्यांच्या दुरुस्तीचे 8,000 रुपये लावले. हे काम कोटेशनमध्ये नव्हतेच. येथे भारतीय करार कायदा, 1872 चे कलम 70 उपयोगी पडते : फुकट करण्याचा हेतू नसताना कायदेशीरपणे केलेल्या कामाचा लाभ दुसऱ्याने घेतला, तर त्याने मोबदला द्यावा. पश्चिम बंगाल राज्य विरुद्ध बी. के. मंडल या खटल्यात अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून बांधकाम झाले होते, पण रीतसर करार नव्हता. तरीही ठेकेदाराला मोबदला मिळाला. त्याच निकालानुसार, काम नाकारण्याची संधी समोरच्याला असली पाहिजे. म्हणून मिस्त्रीने आधी सळया दाखवल्या आणि तुम्ही ‘करा’ म्हणालात, तर वाजवी रक्कम द्या. न विचारता परस्पर काम उरकले असेल, तर त्याची मागणी कमजोर ठरते.

आता खरी अडचण पाहा. सळया पुन्हा प्लास्टरखाली गेल्यावर कोण खरे बोलतो हे कसे ठरवणार? सरकारी कामात झाकले जाणारे काम आधी मोजून मोजमाप पुस्तकात नोंदवतात. घरी तेच एका वहीत करा : तारीख, लांबी, रुंदी, दर, फोटो आणि दोघांच्या सह्या. नवीन काम निघाले की काम थांबवून व्हॉट्सॲपवर रक्कम लिहून घ्या आणि होकार किंवा नकार लिहूनच कळवा. तोंडी करारही वैध असतो, पण तो सिद्ध करणे कठीण.

वाद झालाच, तर मान्य असलेली रक्कम अडवू नका. ती देऊन उरलेल्या रकमेबद्दलची हरकत लेखी कळवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. दिलेला मोबदला 5 लाखांपर्यंत असेल, तर शुल्क नाही. मिस्त्री मात्र या कायद्याने ‘ग्राहक’ नाही. त्याला थकलेल्या पैशासाठी दिवाणी न्यायालयात जावे लागते आणि त्याची मुदत साधारणपणे तीन वर्षे असते. त्याच्या हातावरच्या पोटाला ती वाट परवडत नाही. म्हणून ती वही जितकी तुमच्यासाठी, तितकीच त्याच्यासाठीही आहे.

स्वाध्याय : वरील उदाहरणात सळयांच्या कामाला घरमालकाने लेखी होकार दिला होता आणि करार दरावर होता. देय रक्कम किती? (उत्तर : 43,000 रुपये)