राफेलच्या करारातून नागपूरला काय आलं

रामाकोन्याचा माणूस दवाखान्यासाठी नागपूरला येतो, लग्नाचा बस्ता बांधायला येतो, संत्रा विकायला येतो, पोराच्या कॉलेजसाठीही येतो. जिल्हा पूर्वी छिंदवाडा होता, ५ ऑक्टोबर २०२३ पासून पांढुर्णा झाला. राज्य मध्य प्रदेश असलं तरी सौसर-सावनेरच्या रस्त्यानं रोजचा व्यवहार नागपूरशीच चालतो. त्या नागपूरच्या दक्षिणेला, मिहान उद्योगक्षेत्रात, फ्रेंच विमानांचे भाग जोडणारा कारखाना आहे. त्याचा विषय निघाला की आपल्याकडे हमखास एक प्रश्न येतो: ‘विमानं घेतली हवाईदलानं, पैसा देशाचा, मंग कारखाना इकडं काहून?’

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर संरक्षण खरेदीच्या एका नियमात सापडतं आणि तो नियम समजून घेण्यासारखा आहे, कारण देशादेशांतली खरेदी, संशोधन आणि शिक्षण हे तिन्ही व्यवहार त्यात एकत्र येतात.

आधी थोडं मागं जाऊ. लढाईच्या सामानाशी आपल्या भागाचा संबंध जुना आहे आणि तो मँगनीजमुळे आहे. सीतापार, कच्छीढाणा, गोवारी वढोणा या सौसर भागातल्या खाणींची नोंद भूगर्भशास्त्रज्ञ लुईस ली फर्मर यांनी १९०९ च्या आपल्या मोठ्या ग्रंथात केली. सीतापारच्या एका खनिजाला त्यांनी ‘सीतापाराइट’ असं नावही दिलं होतं. पुढे ते बिक्सबाइट हेच खनिज असल्याचं ठरलं आणि नाव मागं पडलं. पण इथल्या खडकांना आजही जगभर ‘सौसर समूह’ म्हणतात. मँगनीजशिवाय चांगलं पोलाद होत नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांच्या डोक्यावरची शिरस्त्राणं मँगनीज-पोलादाची होती. १९४९ साली सोव्हिएत संघानं अमेरिकेला मँगनीज देणं आखडलं, तेव्हा अमेरिकेची नजर भारताच्या खनिजाकडे वळली. म्हणजे जगाच्या संरक्षण खरेदीत हा पट्टा शंभर वर्षांहून अधिक काळ आहे. पण आपण दगड खणून दिला, पोलाद दुसरीकडे झालं आणि पोलादाचं ज्ञानही तिकडेच वाढलं. मजुरी मिळाली, हुन्नर मिळाला नाही. कुठल्याही परदेशी कराराकडे मी याच नजरेनं बघतो: व्यवहार उरकल्यावर आपल्या माणसाच्या हातात काय राहिलं?

ऑफसेटचा नियम नेमका यासाठीच आला. भारतानं तो २००५ च्या संरक्षण खरेदी पद्धतीत आणला आणि २००६ मध्ये नीट बसवला. कल्पना सोपी आहे. आम्ही तुमच्याकडून मोठी खरेदी करतो, तर त्या रकमेचा ठरावीक हिस्सा तुम्ही आमच्या देशातल्या उद्योगात फिरवा. सुरुवातीला ३०० कोटींच्या वरच्या परदेशी खरेदीला हे बंधन होतं. २०१६ मध्ये मर्यादा २,००० कोटींवर नेली. हिस्सा साधारणपणे ३० टक्के.

२०१६ च्या नियमांनी हिशेब करून पाहू. समजा, एका परदेशी कंपनीशी ३,००० कोटींचा करार झाला. तिला ९०० कोटींचा ऑफसेट पूर्ण करायचा आहे. त्यासाठी ती भारतीय कारखान्याकडून सुटे भाग विकत घेऊ शकते, भारतीय कंपनीत भांडवल घालू शकते, तंत्रज्ञान देऊ शकते, किंवा सरकारी संस्थेला यंत्रसामग्री देऊ शकते. संशोधन, प्रशिक्षण आणि शिक्षणाची क्षमता वाढवणं हेही या शेवटच्या प्रकारात बसतं, फक्त इमारती बांधून दिलेल्या चालत नाहीत. तिनं एखाद्या लघुउद्योगाकडून १०० कोटींचा माल घेतला, तर हिशेबात १५० कोटी धरले जातात, कारण लहान कारखान्यांना काम मिळावं म्हणून दीडपट गुणक ठेवलेला आहे. सरकारच्या संरक्षण संशोधन संस्थेला, डीआरडीओला, हवं असलेलं तंत्रज्ञान दिलं, तर गुणक तीनपर्यंत जातो. एखाद्या वर्षी ठरलेलं काम झालं नाही, तर राहिलेल्या रकमेवर पाच टक्के दंड बसतो. कंपनी दावा दाखल करते, मंत्रालय कागद तपासतं आणि पटला तरच तो खात्यावर जमा होतो.

आता राफेल. २३ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्लीत संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर आणि फ्रान्सचे ज्याँ-ईव्ह ल द्रियाँ यांनी ३६ विमानांच्या करारावर सह्या केल्या. या करारात ऑफसेट ३० नव्हे, ५० टक्के ठरला. वर्षभरानं, २७ ऑक्टोबर २०१७ ला, मिहानमध्ये राफेल बनवणाऱ्या दसो कंपनीच्या आणि रिलायन्सच्या संयुक्त कारखान्याची पायाभरणी झाली. विरोधाभास असा वाटतो की, खरेदी लढाऊ विमानांची आणि नागपुरात भाग जोडले जातात ते मुख्यतः फाल्कन २००० या उद्योगपतींच्या प्रवासी विमानाचे. यात काही काळंबेरं नाही. ऑफसेटसाठी पात्र मालाच्या यादीत संरक्षण साहित्याबरोबर नागरी विमानं आणि अंतर्गत सुरक्षेची साधनंही आहेत. विक्रेत्याला हे परवडतं, कारण ३६ लढाऊ विमानांचं काम काही वर्षांत संपतं, प्रवासी विमानाची ऑर्डर चालू राहते. कामगाराच्या दृष्टीनंही ते बरंच आहे.

काम काय असतं, ते जवळून पाहण्यासारखं आहे. विमानाचा सांगाडा म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या बरगड्या आणि त्यांच्यावर बसवलेला पातळ पत्रा. पत्रा बरगडीवर तात्पुरत्या पिनांनी पक्का धरतात आणि भोक पाडतात. भोक सरळ आणि नेमक्या मापाचं हवं. ड्रिल जरा तिरपं गेलं तर रिव्हेट नीट बसत नाही आणि तिथून पुढे कधीतरी चीर जाते. भोकाच्या कडेला राहिलेला धातूचा कच (बर) काढतात, दोन थरांमध्ये सीलंट लावतात, रिव्हेट घालतात. एक जण बाहेरून हवेच्या दाबावर चालणारी रिव्हेट गन धरतो, दुसरा आतून जड लोखंडी ठोकळा टेकवतो. गनच्या ठोक्यांनी रिव्हेटचं आतलं टोक ठोकळ्यावर चपटं होतं आणि सांधा बसतो. दोघांचा ताल चुकला तर पत्र्याला पोच पडतो. मग तपासनीस माप घेतो. चूक झाली तर ती लपवत नाहीत, नोंदवतात, आणि तो भाग वापरायचा की बाद करायचा हे अभियंता ठरवतो. कुठला भाग कुठल्या धातूच्या खेपेतून आला, कुणी जोडला, कुणी तपासला, हे वर्षानुवर्षांनीही सापडलं पाहिजे.

ही शिस्त पुस्तक वाचून येत नाही. म्हणून मला या सगळ्या व्यवहारातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो नागपूरच्या शासकीय आयटीआयमध्ये दसोच्या साहाय्यानं सुरू झालेला ‘एरोनॉटिकल स्ट्रक्चर अँड इक्विपमेंट फिटर’ हा ट्रेड. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, दहावीला गणित-विज्ञान हवं. हजारो कोटींच्या करारात याला लागणारा पैसा नगण्य असेल. पण कारखाना उद्या दुसरीकडे गेला तरी असा शिकलेला पोरगा हैदराबाद, बंगळूर, कुठंही उभा राहू शकतो. मँगनीज खणणाऱ्या त्याच्या पणजोबाला ही सोय नव्हती.

मात्र सगळंच छान चाललं असं म्हणता येत नाही. देशाच्या महालेखापरीक्षकांचा (कॅग) अहवाल सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत आला. २००५ ते मार्च २०१८ या काळात ४६ ऑफसेट करार झाले, एकूण किंमत ६६,४२७ कोटी रुपये. त्यांपैकी डिसेंबर २०१८ पर्यंत १९,२२३ कोटींचं काम व्हायला हवं होतं. कंपन्यांनी दावा केला ११,३९६ कोटींचा आणि मंत्रालयानं मान्य केले त्यातले फक्त ५,४५७ कोटी. उच्च तंत्रज्ञान भारतीय उद्योगाला मिळाल्याचं एकही उदाहरण लेखापरीक्षकांना सापडलं नाही. राफेलच्या बाबतीतही कॅगनं लिहिलं की, ऑफसेटमधला ३० टक्के हिस्सा डीआरडीओला उच्च तंत्रज्ञान देऊन पूर्ण करण्याचा प्रस्ताव विक्रेत्यांनी २०१५ मध्ये दिला होता. हलक्या लढाऊ विमानाच्या इंजिनासाठी डीआरडीओला मदत हवी होती, पण विक्रेत्यानं त्याला होकार कळवला नव्हता.

याचं कारण उघड आहे. भाग बनवून घ्यायला कंपन्या तयार असतात, तो त्यांच्याही सोयीचा व्यवहार आहे. इंजिनाच्या आतलं, हजार अंशांच्या वर तापणारं पातं कसं ओतायचं, हे कुणी सांगत नाही. ती त्यांची पन्नास-साठ वर्षांची कमाई आहे. शिवाय ऑफसेटचा खर्च विक्रेता मूळ किमतीत धरतोच, म्हणजे पैसे शेवटी आपलेच. २०२० च्या नव्या खरेदी पद्धतीत सरकार-सरकारमधल्या आणि एकाच विक्रेत्याशी होणाऱ्या करारांतून ऑफसेट वगळला, तो या अनुभवानंतर. नौदलासाठीच्या २६ राफेलचा करार २८ एप्रिल २०२५ रोजी झाला, त्यात वेगळी वाट धरलेली दिसते. विमानाचा सांगाडा भारतात बनवण्याची सोय, इंजिन आणि शस्त्रांच्या दुरुस्तीची केंद्रं, भारतीय शस्त्रं विमानावर बसवण्याचं तंत्रज्ञान आणि सैनिकांचं प्रशिक्षण हे सगळं करारातच लिहून घेतलं आहे. मला ही वाट जास्त प्रामाणिक वाटते. नंतर गुणक लावून हिशेब जुळवत बसण्यापेक्षा काय हवं ते आधीच स्पष्ट मागावं.

खरं तंत्रज्ञान हवं असेल तर दोन्ही बाजूंनी काहीतरी आणावं लागतं. ब्रह्मोस क्षेपणास्त्र हे त्याचं आपल्याजवळचं उदाहरण. १२ फेब्रुवारी १९९८ ला भारत आणि रशियानं करार केला, संयुक्त कंपनीत भारताचे ५०.५ टक्के आणि रशियाचे ४९.५. रशियाकडे स्वनातीत क्षेपणास्त्राचं इंजिन होतं, भारताकडे मार्गदर्शन यंत्रणा आणि सॉफ्टवेअरचं काम करणारे हात. १२ जून २००१ ला पहिली चाचणी झाली. २०२२ मध्ये फिलिपिन्सनं ते विकत घेतलं आणि घेणारा भारत देणाराही झाला.

शिक्षणाचा ओघही दोन्ही दिशांना वाहतो. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मित्रदेशांचे कॅडेट आपल्या पोरांच्या बरोबरीनं शिकतात. बाहेरचा पैसाही इथल्या शिक्षणाला लागला आहे: तिथल्या मुख्य इमारतीचं नाव सुदान ब्लॉक आहे. दुसऱ्या महायुद्धात सुदानसाठी लढलेल्या भारतीय जवानांच्या स्मरणार्थ सुदानच्या सरकारनं एक लाख पौंड दिले होते. फाळणीनंतर भारताच्या वाट्याला ७० हजार आले आणि ते या इमारतीला लागले.

रामाकोन्याच्या दहावीतल्या पोराला यातून काय घेता येईल? गणित आणि विज्ञान सोडू नये, हे पहिलं. दुसरं जरा अवघड आहे. पॅरिसहून नागपूरला आलेल्या या संधीच्या आड आपल्याला सावनेरच्या अलीकडची राज्याची सीमा येते. महाराष्ट्रातल्या शासकीय आयटीआयमध्ये महाराष्ट्राच्या रहिवाशांना प्राधान्य असतं, आणि मराठी बोलणारा, रोज नागपूरला ये-जा करणारा सौसरचा मुलगा कागदावर परराज्याचा ठरतो. अशा ट्रेडच्या काही जागा सीमेपलीकडच्या लगतच्या तहसिलींसाठी राखता येतील, किंवा छिंदवाडा-सौसरच्या आयटीआयत हाच ट्रेड उघडता येईल. दोन्ही गोष्टी दोन राज्य सरकारांच्या हातातल्या आहेत आणि आपल्या आमदार-खासदारांनी त्या मागायला हव्यात. घाई आहे, कारण जून २०२५ मध्ये दसोनं जाहीर केलं की फ्रान्सबाहेर प्रथमच पूर्ण फाल्कन २००० विमान नागपुरात तयार होईल आणि पहिलं विमान २०२८ पर्यंत बाहेर पडेल. दोन वर्षांच्या ट्रेडला २०२६ मध्ये प्रवेश घेणारा पोरगाही २०२८ लाच बाहेर पडतो.