पाळीव बदकांना नवे घर देताना

डॉक्टरांच्या स्मरणिकेत बदकांचे काय काम, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु बालरोगतज्ज्ञापुढे हा विषय वारंवार येतो. बाजारातून हौसेने आणलेली पिल्ले दोन-तीन महिन्यांत मोठी होतात, अंगणात चिखल होतो, शेजारी कुरकुरतात. किंवा मुलांच्या शिक्षणासाठी कुटुंब लोधीखेड्याहून नागपूरच्या सदनिकेत राहावयास जाते. मग पालक विचारतात, "डॉक्टरसाहेब, बदके तलावात सोडून दिली तर?"

तसे कदापि करू नये. पेकिन जातीचे पांढरे बदक अंगाने जड असते; त्याला उडता येत नाही आणि त्याचा पांढरा रंग शत्रूच्या नजरेत चटकन भरतो. हातचे दाणे खाऊन वाढलेला हा पक्षी भटक्या कुत्र्यांच्या वा मुंगसाच्या तोंडी सहज सापडतो. पाळीव प्राण्याला भूक-तहानेने हाल होतील अशा स्थितीत सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार अपराधही आहे.

नवे घर शोधताना काही गोष्टी प्रत्यक्ष जाऊन पाहाव्यात. बदक हा कळपाचा पक्षी असल्याने तेथे त्याला सोबत हवी. मात्र नरांची संख्या अधिक झाल्यास माद्यांना इजा होते. एका नरामागे तीन-चार माद्या असाव्यात. चोच व डोळे बुडतील इतके खोल स्वच्छ पाणी, रात्री बंद करता येणारे बारीक जाळीचे खुराडे आणि कोंबड्यांसारखा दाणा यांची सोय असावी. नुसत्या पावावर बदक पोसत नाही. घेणाऱ्याला बदक पाळावयाचे आहे की कापावयाचे, हेही संकोच न करता विचारावे.

आरोग्याचा विचार तितकाच महत्त्वाचा आहे. निरोगी दिसणाऱ्या बदकाच्या विष्ठेतही साल्मोनेला जंतू असू शकतात. म्हणून पाच वर्षांखालील मुलांनी पिल्ले हाताळू नयेत. इतरांनी हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. बर्ड फ्लूचा विषाणूही बदके अनेकदा लक्षणांशिवाय वाहून नेतात. भारतात हा रोग प्रथम २००६ मध्ये नवापूर येथे आढळला. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रातील तीन वाघ व एक बिबट्या याच रोगाने दगावले आणि जानेवारी २०२५ मध्ये छिंदवाड्याच्या पाळीव मांजरींत हाच विषाणू सापडला. म्हणजे धोका आपल्या उंबरठ्यापर्यंत आलेला आहे. परिसरात पक्षी मरत असतील तर बदके हलवू नयेत. पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. एरवीही नव्या घरी ती काही आठवडे इतर पक्ष्यांपासून वेगळी ठेवावीत.

शेवटी मुलांविषयी. अंड्यातून बाहेर येताच जो दिसेल त्याच्यामागे पिल्लू चालते, हे शास्त्रज्ञ कोनराड लोरेंझ यांनी दाखवून दिले. मुलाच्या मागे फिरलेले बदक त्याच्या दृष्टीने घरातलेच एक असते. "ते उडून गेले" असे सांगून त्याची समजूत काढू नये. ते उडू शकत नाही, हे मुलाला आपल्याहून अधिक ठाऊक असते. त्याला सोबत न्यावे, नवी जागा दाखवावी आणि निरोप घेऊ द्यावा. रडला तर रडू द्यावे. आपल्यावर विसंबलेल्या जिवाची सोय लावल्याशिवाय त्याला सोडावयाचे नसते, हा धडा त्याला पुस्तकातून मिळणार नाही.